धरणातला गाळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरणं, पाझर तलाव आणि गावतळी यांच्या गाळाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी मोठ्या धरणांचे प्रश्न आहेत, नंतर गावपातळीवरचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. धरणात गाळ येतो कुठून? नदी तर दगडगोट्यांतून वाहते.

बहुतेक गाळ नदीच्या पात्रातला नसतो, तो शेतातला आणि उघड्या माळावरचा असतो. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात जमीन नांगरून मोकळी पडलेली असते आणि पीक उगवलेलं नसतं. थेंबाच्या माराने माती सुटते, ओहोळाला लागते आणि नाल्यातून नदीत जाते. वर्षभराचा बहुतांश गाळ अशा मोजक्या पुरांच्या दिवसांतच येतो. म्हणून जूनमधलं नदीचं पाणी चहासारखं दिसतं आणि सप्टेंबरमधलं त्या मानाने निवळ असतं, पूर तेवढाच मोठा असला तरी.

देशपातळीवर वापरला जाणारा जुना अंदाज हेक्टरी वर्षाला १६.४ टन मातीच्या धुपेचा आहे. शेतावर पसरून बघितलं तर तो थर साधारण सव्वा मिलीमीटरचा होतो. इतका पातळ थर गेल्याचं शेतकऱ्याला कळतही नाही. त्याच अंदाजानुसार सुटलेल्या मातीपैकी सुमारे दहा टक्के जलाशयांत अडकते. बरीचशी वाटेतच थांबते आणि बाकीची समुद्राला मिळते.

२. गाळासाठी मृत साठा ठेवलेला असतो ना? मग उपयुक्त साठ्याला धक्का कसा लागतो?

मृत साठा म्हणजे पाणी सोडायच्या तोंडांच्याही खाली राहणारं, सहसा न वापरलं जाणारं पाणी; त्याच्या वरचं, वापरायचं ते उपयुक्त साठा. गाळ आधी मृत साठ्यातच बसतो हा गैरसमज फार जुना आहे आणि काही प्रमाणात तो पाठ्यपुस्तकांतूनच आला. तळाशी एक टाकी राखून ठेवली आहे, गाळ तिथे जाऊन बसेल आणि ती भरली की मग वर चढेल, असं चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर असतं. प्रत्यक्षात नदी जिथे जलाशयाच्या शांत पाण्याला भिडते तिथेच वेग मोडतो. वाळू आणि जाड रेती त्या शेपटाकडच्या भागात पडते आणि तिथे त्रिभुज प्रदेशासारखा उंचवटा तयार होतो. हा भाग पूर्ण संचय पातळीच्या (धरण पूर्ण भरल्यावरच्या पाण्याच्या पातळीच्या) जवळचा, म्हणजे थेट उपयुक्त साठ्यातला. चिकणमाती मात्र तरंगत भिंतीपर्यंत येते आणि सगळ्यात खाली बसते.

त्यामुळे मृत साठा गाळाने भरलेला नसतानाही उपयुक्त साठा घटत जातो. कोणत्या उंचीला किती गाळ बसेल हे जलाशयाच्या आकारावरून काढण्याच्या पद्धती १९५० च्या दशकापासून वापरात आहेत. पसरट, उथळ जलाशयात वरच्या भागाचा वाटा जास्त निघतो, खोल घळीसारख्या जलाशयात खालचा.

उजनीचं उदाहरण वेगळं आहे. तिथे मृत साठा ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, म्हणजे मृत साठाच मोठा. उन्हाळ्यात ‘उजनी वजा ५० टक्के’ अशी बातमी येते, तेव्हा उपयुक्त साठा पूर्ण संपून मृत साठ्यातले सुमारे २६.८ टीएमसी उचललेले असतात. अशा ठिकाणी मृत साठ्यातला गाळसुद्धा लोकांच्या पिण्याच्या पाण्यालाच नडतो. तेव्हा ‘तो तर मृत साठा आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही.

३. धरण १०० टक्के भरल्याचं सांगतात, तरी पाणी फेब्रुवारीतच का संपतं?

बाष्पीभवन, वाढलेली मागणी, कालव्यातली गळती ही कारणं आहेतच. पण एक कारण कागदावरचं आहे. धरणावर रोज मोजली जाते ती फक्त पाण्याची पातळी. पातळीवरून साठा काढण्यासाठी एक तक्ता असतो : अमुक मीटरला अमुक दशलक्ष घनमीटर. हा तक्ता धरण बांधताना केलेल्या सर्वेक्षणाचा असेल, तर आज तळाशी आणि काठाला असलेला गाळही तो पाणी म्हणूनच मोजतो. पातळी खरी असते, टक्के खरे असतात, साठा मात्र फुगलेला असतो.

तक्ता सुधारला की आकडा खाली येतो. नाशिकच्या गंगापूर धरणाचा उपयुक्त साठा मूळ ७,२०० दशलक्ष घनफूट होता, आज तो ५,६३० धरतात. कर्नाटकातल्या तुंगभद्रा धरणाचा मूळ साठा १३३ टीएमसी, नंतरच्या सर्वेक्षणांत तो १०० ते १०६ च्या दरम्यान आला. तक्ता सुधारण्याला स्थानिक पातळीवर नेहमी विरोध होतो, कारण क्षमता कमी दाखवली की कोणाच्या तरी वाट्याचं पाणी कमी होतं. तरीही जुन्या तक्त्यावर उन्हाळी आवर्तनाचं (कालव्यात पाळीने पाणी सोडण्याचं) नियोजन करणं हा त्याहून महाग सौदा आहे. तिसरं आवर्तन जाहीर होतं आणि पिकं शेतात उभी असताना ते रद्द करावं लागतं.

४. पाण्याखालचा गाळ मोजतात तरी कसा?

दोन पद्धती आहेत. पहिली बोटीवरची. प्रतिध्वनीवर खोली मोजणारं यंत्र आणि उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र एकाच बोटीवर बसवतात, आखलेल्या रेषांवरून बोट फिरवतात आणि तळाचा नकाशा तयार करतात. मूळ नकाशातून हा वजा केला की गाळ मिळतो. ही पद्धत अचूक आहे पण खर्चिक. शिवाय धरण जवळपास भरलेलं असताना काम करावं लागतं, नाहीतर उथळ काठ सुटतो.

दुसरी उपग्रह छायाचित्रांची. राज्यात नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी) या पद्धतीने बरीच वर्षं काम करते आहे. ऑक्टोबर ते मे या काळातल्या ढग नसलेल्या आठ-दहा तारखा निवडायच्या आणि त्या त्या दिवशीची धरणाची पातळी नोंदवहीतून घ्यायची. छायाचित्रावरून पाण्याने व्यापलेलं क्षेत्र काढायचं. लागोपाठच्या दोन पातळ्यांमधलं घनफळ असं निघतं : दोन्ही क्षेत्रं अधिक त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, या बेरजेला पातळीतल्या फरकाच्या एक तृतीयांशाने गुणायचं.

या पद्धतीला एक हद्द आहे. पाणी जितकं खाली उतरलं तितकंच दिसतं. किमान पातळीच्या खालचं, म्हणजे मृत साठ्यातलं, काहीच कळत नाही. चुकाही ठरावीक जागी होतात. ओला चिखल पाण्यासारखा दिसतो आणि क्षेत्र वाढतं. उलट काठाला जलपर्णी साचली असेल तर खालचं पाणी हिरवळ म्हणून मोजलं जातं आणि क्षेत्र घटतं.

५. एका सर्वेक्षणात क्षमता कमी निघाली, पुढच्यात जास्त. गाळ आपोआप गेला का?

नाही. तुंगभद्रेत हेच झालं. २००८ च्या सर्वेक्षणात १००.८६ टीएमसी आणि २०१६ च्या सर्वेक्षणात १०५.७९. मधल्या काळात पाच टीएमसी गाळ कोणी काढलेला नाही. पद्धत बदलली, मोजणीच्या रेषांमधलं अंतर बदललं, काठाचा उथळ भाग धरला की सोडला यात फरक पडला, की एवढी तफावत येते. म्हणून लागोपाठची दोनच सर्वेक्षणं घेऊन ‘वर्षाला इतका गाळ’ असा दर काढू नये. मूळ क्षमता आणि आजची क्षमता यातला फरक एकूण वर्षांनी भागणं जास्त भरवशाचं.

थोडं खरंखुरं आकुंचनही होतं. पाण्याखाली नुकत्याच बसलेल्या चिकणमातीच्या एका घनमीटरात कोरडी माती जेमतेम ४१६ किलो असते, वाळूच्या घनमीटरात १,५५० किलो. म्हणजे एक टन चिकणमाती सुरुवातीला जवळपास २.४ घनमीटर जागा अडवते. वरचा भार वाढला, किंवा उन्हाळ्यात थर उघडा पडून वाळला, की ती दबते. दरवर्षी आटणाऱ्या तलावातला गाळ म्हणूनच घट्ट असतो.

६. वर्षाला किती गाळ आला तर धोक्याचं?

भारतीय मानकात ढोबळ वर्गवारी आहे. वर्षाला मूळ क्षमतेच्या ०.१ टक्क्याहून कमी घट असेल तर किरकोळ, ०.५ टक्क्याहून जास्त असेल तर गंभीर. ०.५ टक्के ऐकायला थोडं वाटतं, पण पन्नास वर्षांत पाव धरण गेलं.

अडचण अशी की जुनी धरणं आखताना धरलेले दर कमी होते. त्या काळी प्रचलित असलेला, अभियंते खोसला यांनी सुचवलेला दर १०० चौरस किलोमीटर पाणलोटाला वर्षाला ३.६ हेक्टर-मीटर, म्हणजे ३६,००० घनमीटर होता. पुढे झालेल्या मोजणीत अनेक जलाशयांत यापेक्षा बराच जास्त गाळ सापडला. निजामसागर हे त्यातलं ठळक उदाहरण. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावणाऱ्या मांजरेवर, आजच्या तेलंगणात, १९३१ मध्ये ते पूर्ण झालं. २९.७ टीएमसीचं धरण १९७३ पर्यंत १२ टीएमसीच्या खाली आलं होतं. शेवटी पूर्ण संचय पातळी वाढवून ते १७.८ टीएमसीवर आणावं लागलं. पुढे वरच्या अंगाला मांजरेवरच आणखी धरणं झाली आणि त्यांनी गाळ आधीच अडवला. निजामसागरला उसंत मिळाली, पण वरची धरणं भरू लागली.

७. गाळाच्या वजनाने धरण फुटू शकतं का?

गाळाचा दाब आराखड्यातच धरलेला असतो. दगडी-काँक्रीट धरणासाठी पाण्यासह गाळाचा आडवा दाब घनमीटरला १,३६० किलोच्या द्रवाइतका मानतात, नुसत्या पाण्याचा १,०००. म्हणजे भिंतीवरचा भार वाढतो, पण हिशेबाबाहेर जात नाही.

खरी भीती दरवाजांची. विमोचकाच्या (धरणातून खाली पाणी सोडायच्या वाटेच्या) तोंडाशी गाळ, ओंडके आणि प्लॅस्टिक साचलं की दरवाजा वर्षानुवर्षं हलवता येत नाही आणि नेमका गरजेच्या वेळी अडकतो. म्हणून वापर नसला तरी पावसाळ्याआधी आणि नंतर तो थोडा उघडून-मिटून पाहायचा असतो.

८. जायकवाडी, उजनीसारख्या धरणांतला गाळ उपसून टाकत का नाहीत?

दरवर्षी एप्रिलमध्ये हा प्रश्न येतो आणि उत्तर गणिताचं आहे. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. १५ घनमीटरचा हायवा (मोठा डंपर) धरला तर सुमारे १९ लाख खेपा. खोदलेला गाळ सैल होऊन साधारण चौथाईने फुगतो, म्हणजे खरं तर साडेतेवीस लाख. फुगवटा सोडून दिला, रोज ५०० खेपा केल्या आणि मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ९० दिवस एकही खाडा न करता काम केलं, तरी ४२ उन्हाळे लागतील. तेवढ्या काळात नवा गाळ येतच राहणार.

त्यातून गाळ टाकायचा कुठे? एक टीएमसी गाळ एक मीटर उंचीने पसरला तर २,८०० हेक्टर जमीन लागते. मोठ्या जलाशयाचा बराच भाग तर उन्हाळ्यातही पाण्याखालीच असतो. तिथे तरंगती उपसायंत्रं लागतात, आणि त्यातून येतो तो पातळ रबडा, जो वाळवायलाच महिने जातात.

याचा अर्थ मोठ्या धरणात काहीच करू नये असा नाही. काठावर उघडा पडणारा गाळ शेतकऱ्यांनी नेला तर चांगलंच, शेताला फायदा होतो. पण त्यामुळे धरणाची क्षमता ‘पूर्ववत’ होईल असं कोणी सांगत असेल तर वरचा हिशेब त्याच्यासमोर मांडावा. मोठ्या धरणासाठी उपाय दोनच : वरच्या पाणलोटात माती अडवणं (प्रश्न १६) आणि उरलेल्या क्षमतेचा प्रामाणिक तक्ता ठेवणं (प्रश्न ३).

९. पावसाळ्यात तळाचे दरवाजे उघडून गाळ वाहून का देत नाहीत?

काही ठिकाणी देतात. चीनमध्ये पीत नदीवरचं सानमेनशिया धरण १९६० मध्ये अडवल्यावर इतक्या वेगाने भरलं, की पुढे बोगदे काढून आणि तळाचे मार्ग मोकळे करून ते बदलावं लागलं. तिथे आता गढूळ पूर सोडून द्यायचा आणि हंगामाअखेरचं निवळ पाणी साठवायचं अशी रीत आहे.

हे जमायला चार गोष्टी लागतात : नदीच्या वार्षिक पाण्याच्या मानाने जलाशय लहान हवा, तो अरुंद आणि उताराचा हवा, तळाशी मोठे दरवाजे हवेत आणि सोडून द्यायला पाणी हवं. आपल्याकडची सिंचनाची धरणं बहुतेक याच्या उलट आहेत : पसरट, सांडवा वरच्या पातळीला, तळाला फक्त कालव्याची किंवा नदीची लहान तोंडं. ती उघडली तर तोंडाजवळचा नरसाळ्याच्या आकाराचा खड्डा मोकळा होतो, बाकीचा गाळ जागचा हलत नाही. आणि जूनमध्ये धरण रिकामं करून सोडायचं, मग ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारून बसला तर? मराठवाड्यात हा निर्णय कोणी घेणार नाही, घेऊही नये.

१०. आमच्या गावतळ्यात किती गाळ आहे हे कसं ओळखायचं?

मे महिन्यात तळं आटलं की दोन दिवसांचं काम आहे.

आधी तळाचं क्षेत्र मोजा. मोबाइलवर काठाने चालूनही ते मिळतं. मग २५ ते ३० मीटरच्या चौकटी आखून प्रत्येक कोपऱ्यावर टोकदार सळई ठोका. गाळात ती दाबाने उतरते, मूळ जमिनीला किंवा मुरमाला लागली की आवाज आणि हाताला बसणारा झटका बदलतो. सळईवर खूण करून खोली लिहा. सळई फसवू शकते, वाळलेला चिकण थर मुरमासारखा लागतो. म्हणून चार-पाच ठिकाणी जेसीबीने उभा खड्डा घेऊन खात्री करा.

खड्ड्याची कड नीट पाहा. गाळाचा रंग काळसर-राखाडी, पोत एकसारखा, मधूनच बारीक वाळूची रेघ. ती एखाद्या मोठ्या पुराची. गोगलगायींचे पांढरे शंख दिसतात. मूळ जमीन लागली की खडे, चुनखडीचे दाणे किंवा मुळांच्या जुन्या भोकांच्या खुणा सुरू होतात. गुटख्याची पुडी एक मीटर खोल सापडली तर तेवढा थर गेल्या तीस-चाळीस वर्षांतलाच, याला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही.

सगळ्या खोल्यांची सरासरी गुणिले क्षेत्र म्हणजे गाळ. तीन हेक्टरचं तळं आणि सरासरी ८० सेंटिमीटर थर असेल तर २४,००० घनमीटर. तेवढा काढला तर तळं एकदा भरल्यावर २.४ कोटी लिटर पाणी जास्त राहील.

११. एवढा गाळ काढायला किती मशीन आणि ट्रॅक्टर लागतील?

वरचाच २४,००० घनमीटरचा हिशेब घेऊ. २०० वर्गातला (सुमारे २० टनी) एक पोकलेन कोरड्या गाळात तासाला ९० ते १०० घनमीटर काढतो. आठ तास नीट चालला तर दिवसाला ८००, म्हणजे ३० दिवस. जेसीबी याच्या निम्म्याहून कमी काम देतो, त्याला भरणीपेक्षा वाट करायला ठेवावा.

गाडं अडतं ते वाहतुकीत. ८०० घनमीटर सैल होऊन १,००० होतात. ट्रॉलीत एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर, धरला तर दिवसाला साडेतीनशे खेपा. दोन किलोमीटरच्या आत शेत असेल तर एक ट्रॅक्टर दिवसात १५ खेपा करतो. म्हणजे एका पोकलेनला २३-२४ ट्रॅक्टर हवेत. गावं बहुधा सात-आठ ट्रॅक्टरवर काम सुरू करतात, पोकलेन तासन्‌तास उभा राहतो आणि डिझेल-भाड्याचा मेळ बसत नाही. ट्रॅक्टरची यादी हातात नसेल तर पोकलेन मागवूच नका.

तळ्यात उतरायचा आणि चढायचा रस्ता वेगळा ठेवा. एकाच रस्त्यावर भरलेली आणि रिकामी ट्रॉली समोरासमोर आली की खेपा निम्म्यावर येतात. वळवाचा एक पाऊस झाला तर तीन-चार दिवस काम बंद, हे आधीच धरून चला.

१२. सरकारी मदत मिळते का? परवानगी कोणाची?

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना मे २०१७ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये नव्या स्वरूपात पुन्हा लागू झाली. मशीन आणि इंधनाचा खर्च योजनेतून किंवा स्वयंसेवी संस्थेमार्फत होतो. सुरुवातीला वाहतूक शेतकऱ्याच्या माथी होती. २०२३ च्या निर्णयात अल्प व अत्यल्प भूधारकांना एकरी १५,००० रुपयांपर्यंत, अडीच एकराच्या मर्यादेत म्हणजे जास्तीत जास्त ३७,५०० रुपये अनुदान ठेवलं. विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातले शेतकरीही त्यात येतात. दर आणि अटी शासन निर्णयाने बदलतात, म्हणून काम सुरू करण्याआधी चालू निर्णय वाचावा.

तळं कोणाचं हे आधी शोधा. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे, त्याहून मोठे जलसंपदा विभागाकडे. ग्रामपंचायतीचा ठराव आणि गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची गट क्रमांकासह यादी घेऊन त्या कार्यालयात जायचं. काम सुरू होण्याआधीचे फोटो आणि मोजमाप घ्यायला विसरू नका. खोदल्यानंतर ‘किती होता’ हे सिद्ध करता येत नाही आणि बिलं तिथेच अडकतात.

१३. गाळ काढल्यावर तलाव गळायला लागला. असं का झालं?

गाळाबरोबर तळही खरवडला गेला म्हणून. साठवण तलावात वर्षानुवर्षं बसलेली चिकणमाती मुरमाच्या भेगा बंद करते. ती पूर्ण काढून खालचा मुरूम उघडा पडला की पाणी खाली जातं. म्हणून साठवण तलावात मूळ तळाच्या वर १५ ते २० सेंटिमीटर गाळ सोडून थांबावं. भरावाच्या पायथ्याजवळ तर खोदूच नये. तिथली माती बांधाला आधार देते आणि त्याखालून होणारी गळती रोखते. किती अंतर सोडायचं ते शाखा अभियंत्याकडून जागेवर चुन्याने आखून घ्या. तोंडी सांगितलेलं अंतर पोकलेनचा चालक दुसऱ्या दिवशी विसरतो.

पाझर तलावाचं मात्र उलट. तिथे पाणी मुरावं हाच हेतू असतो आणि गाळाच्या थराने पाझर बंद पडलेला असतो. तिथे तळापर्यंत गाळ काढला तर खालच्या विहिरींना पाणी वाढतं. बांधाच्या पायथ्याचा नियम तिथेही तोच.

१४. गाळ शेतात किती टाकावा? कोणत्या जमिनीत टाकू नये?

हलक्या, मुरमाड, बरड जमिनीत सगळ्यात जास्त फायदा. ती पाणी धरत नाही आणि गाळातली चिकणमाती नेमकी तीच उणीव भरून काढते. पाच ते दहा सेंटिमीटर थर पुरे. दहा सेंटिमीटर म्हणजे एकरी ४०० घनमीटर, सुमारे १४० ब्रास. त्याहून जाड थर मिसळत नाही, वर वेगळा राहतो आणि पाऊस पडला की पापुद्रा धरतो.

खोल काळ्या जमिनीत टाकू नका. तिथे आधीच चिकणमाती जास्त आहे, निचरा आणखी बिघडेल आणि पावसाळ्यात पीक पिवळं पडेल. चोपण (सोडियम वाढून निचरा बिघडलेल्या) जमिनीतही तेच.

टाकण्याआधी नमुना तपासून घ्या. सामू (पीएच) साडेआठच्या वर किंवा क्षारता एक डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर तो गाळ नको. एप्रिल-मेमध्ये पसरा, ढेकळं उन्हात तडकू द्या, मग कुळवाने फोडून नांगरटीने मिसळा. ओला गाळ रोटाव्हेटरने मिसळायला गेलात तर गोळे होतात आणि दोन हंगाम फुटत नाहीत. गाळ म्हणजे शेणखत नव्हे. त्यात सेंद्रिय कर्ब थोडा जास्त असतो, पण खताची मात्रा पहिल्या वर्षी कमी करू नका.

१५. शहराला लागून असलेल्या तलावाचा गाळ चालेल का?

सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी येत असेल तर जड धातूंची तपासणी केल्याशिवाय नाही. वास मारणारा काळाकुट्ट गाळ ‘कसदार’ वाटतो, तो वास बहुधा मैल्याचा असतो. अहवाल नसेल तर भाजीपाल्याच्या शेतात अजिबात टाकू नये.

१६. दोन वर्षांपूर्वी गाळ काढला, तळं पुन्हा भरत आलं. पैसे वाया गेले का?

वरचं शिवार तसंच ठेवून खालचं तळं उपसलं तर असंच होणार. माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामं करायची असतात, तीही त्याच क्रमाने. माथ्याच्या पडीक उतारावर सलग समतल चर, घळीच्या सुरुवातीला अनघड दगडांचे लहान बांध, खाली नाल्यात गॅबियन (तारेच्या जाळीत बांधलेल्या दगडांचे बांध), शेतात बांधबंदिस्ती. मग तळं. गावं हे नेमकं उलट्या क्रमाने करतात, कारण तळं दिसतं आणि चर दिसत नाहीत.

सगळं जमत नसेल तर एक करा : तळ्यात येणाऱ्या मुख्य नाल्यावर, पाण्याच्या शेपटाच्या वर, गाळ अडवणारा लहान बंधारा किंवा खड्डा ठेवा. जाड गाळ तिथेच पडतो आणि एका जेसीबीने दोन दिवसांत दरवर्षी निघतो. तो काढला नाही तर तिसऱ्या वर्षी काठोकाठ भरतो आणि पुढचा गाळ सरळ तळ्यात. दगडी बांधांचंही हेच आहे. भरून गेलेला बांध नव्या पुराची माती अडवत नाही.

१७. गाळपेर जमीन कसल्यामुळे गाळ वाढतो का?

धरणाचं पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत पीक घेतात ती गाळपेर. ती हंगामापुरत्या भाडेपट्ट्याने देतात आणि प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असतं. ही माती आधीच जलाशयात आहे, त्यामुळे एकूण गाळ वाढत नाही. पण नांगरून मोकळी केलेली माती पहिल्या पुरात सुटते आणि काठावरून आत, खोल भागात सरकते. म्हणून खोल नांगरट टाळून हरभरा, कलिंगड, काकडी यांसारखं पेरून किंवा टोकून येणारं पीक घ्यावं आणि धसकटं जागीच ठेवावीत. रासायनिक तणनाशक आणि कीटकनाशक तिथे मारलं तर ते पुढच्या पावसात थेट पिण्याच्या पाण्यात जातं. गाळापेक्षा याची काळजी जास्त.

१८. कोल्हापुरी बंधारा गाळाने का भरतो? तो तर गाळ न साचण्यासाठीच असतो ना?

बर्गे (बंधाऱ्याच्या खांबांमधल्या खाचांत बसवायच्या पाट्या) वेळेवर काढले तरच. या बंधाऱ्याची सगळी हुशारी त्यातच आहे : पावसाळ्याआधी बर्गे काढायचे, गढूळ पूर मोकळा जाऊ द्यायचा आणि पाऊस ओसरल्यावर, पाणी निवळलं की घालायचे. जूनमध्ये बर्गे जागेवरच राहिले तर पहिल्या दोन पुरांतच माती आणि पालापाचोळा दाराच्या उंचीपर्यंत येतो, आणि मग पाण्याच्या दाबामुळे बर्गे निघतही नाहीत. गंजलेले, वाकलेले, चोरीला गेलेले बर्गे हे दुसरं कारण. मोजदाद करून ते बंदिस्त खोलीत ठेवायची जबाबदारी कोणाची, हे पाणीवापर संस्थेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ठरावात नावानिशी लिहा.

१९. गाळ खोदताना वाळू लागली तर नेता येते का?

नाही. शेतात टाकायच्या गाळाला स्वामित्वधन (रॉयल्टी) माफ आहे. वाळू आणि मुरूम गौण खनिजात येतात आणि त्यांची परवानगी महसूल विभागाची असते. गाळाच्या परवान्यावर वाळूची ट्रॉली पकडली गेली तर काम थांबतं, आणि ज्यांनी नियमाने गाळ नेला त्यांचंही अनुदान लांबतं. वाळूचा थर लागला की तिथलं खोदकाम थांबवून पंचनामा करून घ्या. शेपटाच्या भागात हा थर लागण्याची शक्यता जास्त, कारण प्रश्न २ मध्ये आहे.

२०. धरण झाल्यापासून खालची नदी खोल जाते आहे, काठ ढासळतात. याचा गाळाशी संबंध आहे का?

आहे. धरणातून सुटणारं पाणी गाळ मागे ठेवून आलेलं असतं. तेच पाणी पुढे वाहताना पात्रातली वाळू-रेती उचलतं, पण वरून तिची भरपाई होत नाही. पात्र खाली जातं, पुलांचे पाये उघडे पडतात, काठच्या विहिरींची पातळी उतरते. त्यात वाळूउपसा असेल तर दोन्ही मिळून नुकसान होतं आणि कोणामुळे किती हे वेगळं काढता येत नाही. गावाने एवढं तरी करावं : पुलाच्या खांबावर रंगाने पातळीची खूण करून दरवर्षी मेमध्ये पात्राचा तळ त्या खुणेपासून किती खाली आहे ते मोजून वहीत लिहावं. दहा वर्षांची अशी वही हातात असली की पुलाची दुरुस्ती मागताना फार बोलावं लागत नाही.